उजव्या खांद्याची बंदूक

जबलपूरला लोक भेडाघाट पाहायला जातात. मी एक बंदूक पाहायला गेलो होतो. परत आल्यापासून चौकात बसलं की जो तो विचारतो, धबधबा कसा आहे, संगमरवराचे कडे कसे आहेत. मी तिकडं गेलोच नाही. नर्मदा पाहिली तीही रेल्वेच्या पुलावरून, चहाचा कप सांभाळत. तरी पाच दिवसांत जे पाहिलं ते लिहितो. मी चौथी पास आहे, जन्म राईस मिलमध्ये मिस्त्रीगिरीत गेला. लिहिण्यात कुठं चुकलं तर मनातल्या मनात दुरुस्त करून घ्या, मला घरी येऊन सांगू नका.

जाण्याचं कारण असं झालं. माझा नातू प्रशिक फौजेत आहे. त्यातही खास तुकडीत, जिथून पुष्कळ पोरं अर्ध्यातूनच परत येतात. त्याच्या तुकडीसाठी एक नवी आखूड रायफल येणार होती, अन् ती शिकायला काही जणांना जबलपूरला पाठवलं होतं. एक दिवस त्याचा फोन आला.

"आबाजी, मंगळवारी आखरी फायरिंग आहे. नाही जमलं तर मले जुन्या पलटणीत वापस पाठवतीन."

"काहून? तुझा तर नेम पक्का आहे."

"नेम आहे जी. पण ही रायफल उजव्याच खांद्यावरून चालवा लागते. मी डावरा."

आता मला काय वाटलं ते लपवत नाही. आधी बरं वाटलं.

प्रशिक जेवायला शिकला तो डाव्या हातानं. आपल्याकडे डावा हात कशाला असतो हे सांगायची गरज नाही. तो ताटाला लावला तर पंगतीतले लोक उठून जातील. म्हणून जेवायला बसताना मी त्याचा डावा हात दुपट्ट्यानं त्याच्या कमरेला बांधायचो. पाटी घेऊन बसला तरी बांधायचो. असं दोन वर्षं केलं. त्याची माय रडायची, माझ्या बायकोनं बोलणं सोडलं, मी ऐकलं नाही. मग तो शाळेत गेला, तिथल्या मास्तरनं त्याला डाव्या हातानं लिहू दिलं अन् माझी मेहनत पाण्यात गेली. फौजेतही त्यानं डाव्याच खांद्यावर रायफल लावली अन् बक्षिसं आणली. तेव्हापासून घरात मी एकटाच चुकीचा ठरलो होतो. आता वाटलं, पहा, शेवटी बंदुकीनंच माझी बाजू घेतली.

बायकोला म्हटलं, "जबलपूरले जातो. पोराले समोर बसवून सांगतो, माझं ऐकलं असतं तर आज ही पाळी नसती आली."

"सांगून काय होईन?"

"त्याले समजन."

"त्याले सारं समजते," ती म्हणाली अन् माझी थैली भरायला लागली. शिदोरी दिली, पण दोन दिवस पुरेल एवढीच. म्हणजे लवकर परत या असा अर्थ.

गोंदियाहून

आमच्या लहानपणी गोंदिया अन् जबलपूर एकाच राज्यात होते, राजधानी नागपूर. मी शाळेत होतो तेव्हा मधून रेघ पडली, ते तिकडे गेले, आम्ही इकडे आलो. सोयरीक मात्र थांबली नाही. माझी लहान बहीण सुशी त्यानंतरच जबलपूरला दिली, कारण जावई दादाराव तिथल्या बंदुकीच्या फॅक्टरीत लागला होता. तेव्हा छोटी लाईन होती. गाडी चढावर इतकी हळू जायची की माणूस उतरून झुडपामागं जाऊन यायचा अन् पुढच्या डब्यात चढायचा. आता मोठी लाईन झाली. नैनपूर कधी आलं कधी गेलं कळलं नाही. सालाचं रान तेवढं तसंच आहे, सरळसोट, मिलच्या चिमणीसारखं उभं.

अधारताल

सुशीचं घर अधारतालात, मोठ्या रस्त्याच्या आत. दारातच म्हणाली, "आलास दादा? चलो, आधी पाणी पिऊन घे." तिची मराठी आता अशी झाली आहे, एक पाय हिंदीत. तिच्या सुनेला मराठीत विचारलं तर ती हिंदीत सांगते, अन् नातवंडं नुसती हसतात. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो अन् शेजारी दादारावच्या निवृत्तीचा फोटो, दोन्हींना हार एकाच मापाचे. मी म्हटलं, "जावई, तुमी जित्तेपणीच हार घालून घेतला काय?"

"आपके भरोसे छोड़ता तो सूखा हार मिलता," दादाराव म्हणाला. तो माझ्याशी हिंदीत बोलतो अन् मी त्याच्याशी मराठीत. पन्नास वर्षं झाली, दोघंही मागं हटलो नाही.

जबलपूरला खर्रा मिळत नाही. म्हणजे सुपारी मिळते, तंबाखू मिळतो, पण ते दोन्ही घोटून द्यायला कोणी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच खर्रा शोधायला निघालो. सुशी म्हणाली, कोणाला तरी विचार. मी विचारत नसतो. ऑटोत बसलो, चार माणसं उतरली तिथं मीही उतरलो, तर ते नेपियर टाउन निघालं. जिकडं पाहावं तिकडं दवाखाने अन् शिकवणी वर्गांच्या पाट्या, डॉक्टर बना, इंजिनियर बना. मिस्त्री बना अशी पाटी एकही दिसली नाही. एका गाडीवर मंगोडे खाल्ले, मुगाच्या डाळीचे भजे, वर तिखट चटणी. आपल्याकडच्या भज्यापेक्षा हलके असतात. डोळ्यांतून पाणी आलं, पण अजून एक प्लेट मागितली, कारण गाडीवाला माझ्याकडे पाहून हसला होता.

बंदुकीचं प्रदर्शन

शनिवारी दादाराव मला फॅक्टरीच्या मैदानावर घेऊन गेला. वर्षातून एकदा लोकांना आपला माल दाखवतात. फाटकावर झडती झाली अन् माझा अडकित्ता काढून घेतला. मी शिपायाला म्हटलं, "आत टेबलावर एवढ्या बंदुका मांडल्या अन् माझ्या अडकित्त्याची भीती?"

"बंदूकें जंजीर से बंधी हैं दादा, आप खुले घूम रहे हो," तो म्हणाला.

मोठमोठ्या तोफांपुढं गर्दी होती. आम्ही ज्या टेबलाकडे गेलो तिथं निळा कोट घातलेली चाळिशीची एक बाई उभी होती. कोटावर नाव होतं दुर्गा. तिच्यासमोर ती आखूड रायफल होती.

पहिल्यांदा पाहिली तर ती मोडकी वाटली, कोणी मागचा भाग कापून ठेवल्यासारखी. नेहमीच्या रायफलीत बोटानं ओढायचा चाप मागं असतो अन् गोळ्यांचं मॅगझीन पुढं. इथं उलटं. चाप पुढं, मॅगझीन मागं, पार काखेजवळ. आपण जो दस्ता खांद्याला टेकवतो तो एरवी नुसता लाकडाचा किंवा प्लास्टिकचा असतो. इथं त्याच्याच पोटात सगळी यंत्रणा बसवली आहे. त्यामुळं नळी आखूड करावी लागत नाही, बंदूक मात्र दीड हातात मावते.

"फायदा क्या?" मी विचारलं.

"दादा, जवान को हेलिकॉप्टर से रस्सी पर उतरना है, गाड़ी से कूदना है, छोटे कमरे में घूमना है. लंबी वाली चौखट में अटकती है."

मी ती हातात घेतली. वजन सारं मागं, एका हातानंही पेलता येते. चाप ओढून पाहिला, जरा जड अन् गुळमुळीत वाटला. मी म्हटलं, "चाप पुढं आहे अन् घोडा मागं. मधे लांब दांडी दिली असन. त्या दांडीमुळं बोटाले साफ समजत नाही."

दादारावनं हिंदी करून सांगितलं. बाई माझ्याकडे पाहत राहिली. "कौन सी फैक्ट्री से रिटायर हैं?"

"राईस मिल," मी म्हटलं.

"तो हमारे यहाँ आ जाइए, इसी दांडी पे झगड़ा चल रहा है." ती हसली अन् तिनं मला उभं राहायला जागा करून दिली. मागं लायनीत पोरं सेल्फीसाठी थांबली होती, त्यांना म्हणाली, रुको, बुजुर्ग हैं. बुजुर्ग म्हटल्याचं मला वाईट वाटलं, पण जागा घेतली.

मग मी ज्यासाठी आलो होतो ते विचारलं. डावरा माणूस असेल तर?

तिनं सरळ बंदूक माझ्या डाव्या खांद्यावर लावली, गाल दस्त्यावर टेकवायला लावला अन् आत सरावाचं पोकळ काडतूस भरून दट्ट्या ओढला. टक् करून पितळेची पुंगळी थेट माझ्या डाव्या गालावर बसली. पुंगळी बाहेर पडायची खिडकी उजव्या बाजूला, तीही मागं दस्त्यात, म्हणजे बरोबर डावऱ्याच्या तोंडासमोर. लांब रायफलीत ती पुढं असते, पुंगळी समोरून उडून जाते.

"ये ठंडी थी," बाई म्हणाली. "फायर में गरम निकलती है, एक के पीछे एक."

गाल चोळत मी आमचा हलर आठवत होतो, धान भरडायचा. त्याचाही कोंडा एकाच बाजूनं पडतो. त्या बाजूला हमाल उभा राहिला तर आम्ही त्याला सरकवतो. तुझं नाक वाकडं आहे म्हणून कोंडा नाकात गेला असं कोणी म्हणत नाही. हा विचार मला आवडला नाही. घरून निघताना मी दुसराच विचार घेऊन निघालो होतो.

"मग डावऱ्यानं काय करायचं?"

"दायाँ कंधा सीखना पड़ता है. किसी किसी मॉडल में खिड़की बदल सकते हैं, इसमें नहीं. पर चार-पाँच दिन में सब सीख जाते हैं."

परत येताना मला पुन्हा बळ आलं. चार-पाच दिवसांत सारे शिकतात, तर आमचा का नाही?

"जिद्दी आहे," मी दादारावला म्हटलं.

"पता नहीं किस पर गया," दादाराव म्हणाला अन् बाहेर पाहू लागला.

रविवार

रविवारी प्रशिकला संध्याकाळपर्यंत सुट्टी होती. आला तो वाळलेला वाटला. पाया पडला, सुशीला जय भीम केला, अन् उजेडात बसला तेव्हा मला त्याच्या डाव्या जबड्यावर तीन-चार डाग दिसले, बिडीचे चटके दिल्यासारखे. पहिल्या दिवशी सवयीनं डाव्या खांद्यावर लावली होती म्हणाला.

सुशीनं भात, तुरीचं वरण, वांग्याची भाजी अन् वडा-भाताला करतात तसे तिखट वडे केले होते. खाली चटईवर बसलो. मी मनात वाक्य जुळवून ठेवलं होतं, माझं ऐकलं असतं तर. पण आधी विचारलं, "तुझ्यासारखा दुसरा कोणी डावरा आहे काय तिथं?"

"आहे ना. एक आसामचा पोरगा आहे. तीन दिवसात शिकला."

"मग तुले काहून नाही जमून राहिलं?"

त्यानं घास ताटात ठेवला. "माहीत नाही आबाजी. उस्ताद म्हणते, दायाँ कंधा. मी लावतो. खांदा बरोबर, गाल बरोबर, डोळा बरोबर. अन् डावा हात सुन्न होऊन जाते. पुढं नळीखाली धरायचा असते तो हात, पण तो येतच नाही. कोणीतरी कमरेला धरून ठेवल्यासारखा. मग सारी रायफल थरथर करते." जरा थांबून म्हणाला, "उस्तादले हे सांगता येत नाही. काय सांगू त्याले?"

तो कुरकुर करत नव्हता, अन् मला टोमणाही मारत नव्हता. बिघडलेल्या पंख्याबद्दल बोलावं तसं बोलला. सुशी वाढता वाढता थांबली अन् माझ्याकडे पाहू लागली. तिला तिच्या वहिनीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, कधीचंच सांगितलेलं असणार.

"मी त्याच्या भल्यासाठी केलं," मी सुशीला म्हटलं. तिनं काही विचारलेलं नव्हतं.

"हाव दादा," ती म्हणाली. "जेव तू."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की प्रशिक उजव्या हातानं जेवत होता. भाताचा गोळा जपून करत होता, अन् डावा हात मांडीखाली दाबला होता. तीस वर्षांचा फौजी माणूस. मी समोर बसलो होतो म्हणून.

मी उजवा हात पाठीमागं घेतला अन् डावा हात ताटात घातला.

"दादा, हे काय करून राहिला? डावा हात आहे," सुशी म्हणाली.

"माहीत आहे मले."

वरण-भात कालवला. कालवतानाच अर्धा ताटाबाहेर गेला. घास उचलला तर तोंडाच्या वाटेत बोटांतून गळून सदऱ्यावर पडला. दुसरा घास नाकाला लागला. बोटं माझी, पण ती कोणा दुसऱ्याच्या घरची वाटत होती. कान तापले. सुशीची सून दारात उभी राहून पाहत होती. मला उजवा हात पुढं आणायचा होता अन् मी आणला नाही. असे मी पाच-सहा घास खाल्ले. दोन वर्षं म्हणजे किती घास होतात, हे बसल्या बसल्या डोक्यात आलं अन् जेवण तिथंच थांबलं.

"आबाजी, राहू द्या ना," प्रशिक म्हणाला. तो हसत होता, मग हसत नव्हता.

मी ताटाकडे पाहून म्हटलं, "चूक झाली माझी." तोंडात भात होता.

सुशीनं मला पाण्याचा तांब्या दिला. प्रशिकनं मांडीखालचा हात काढला अन् त्याच हातानं उरलेला वडा उचलून खाल्ला.

जेवल्यावर मी स्वस्थ बसणारा नाही. शेजारी घराचं काम चालू होतं, रेतीचा ढीग होता. मी फावडं मागून आणलं. मिलमध्ये धान ओढणाऱ्या हमालाला बाजू बदलायला लावायची तर आम्ही हाताचं नाव काढत नाही. पाय बदल म्हणतो. डावा पाय पुढं टाकला की कंबर फिरते, कंबर फिरली की खांदा येतो, मग हात आपोआप येतो. प्रशिकला तेच करायला लावलं. घंटाभर त्यानं रेती इकडची तिकडे अन् तिकडची इकडे केली. शेजारीण छतावरून म्हणाली, "भैया, मज़दूरी कितनी ले रहे हो?" दादाराव खाट टाकून पाहत होता, म्हणाला, "सेना को पता चला तो दोनों को भर्ती कर लेंगे." माझा सदरा वरणानं माखलेलाच होता. तो बदलायची मला आठवण राहिली नव्हती.

संध्याकाळी प्रशिक गेला.

मंगळवार, गोरखपूर

सोमवार कसा गेला ते लिहीत नाही. सुशी म्हणाली ग्वारीघाटला चल, नर्मदेत पाय बुडवून ये. मी म्हटलं, मला माझ्या पायाची चिंता नाही.

मंगळवारी सकाळपासून फोन खिशात न ठेवता हातातच धरला. दुपार झाली तरी वाजला नाही. घरात सारे माझ्याकडे पाहत होते म्हणून मी उठलो अन् जबलपुरातल्याच गोरखपूर भागाच्या बाजारात गेलो. या वेळी ऑटोवाल्याला विचारून गेलो. जबलपूरची खोव्याची जिलबी नावाजलेली आहे. काळपट, जाड, आपल्या जिलबीसारखी कुरकुरीत नाही, मऊ, गुलाबजामाची बहीण म्हणा. दुकानासमोर उभा होतो, लोक खांद्याला खांदा लावून होते, अन् तेव्हा फोन वाजला.

"आबाजी, राहिलो मी."

मी दुकानाच्या लाकडी फळीला धरलं. "पास?"

"पास. वरच्या नंबरात नाही, पण पास. तुकडीतच राहणार."

"फावडं कामी आलं ना?"

"फावड्याचं काही नाही जी. पहिल्या गोळ्या गेल्या बाहेर. पाय बदलले, तरी हात येईना. उस्ताद मागं उभा. मग तुमचं ते नाकाले लागलेलं वरण डोळ्यासमोर आलं अन् मले हसू सुटलं. उस्ताद म्हणे, हँस क्यों रहा है? अन् हात आला ना पुढं. मलेच समजलं नाही कधी आला ते. मग लावल्या साऱ्या."

मला थोडा राग आला. फावड्यावर माझा विश्वास होता.

"आबाजी."

"बोल."

"परवा तुमी जेवता जेवता काही बोलले होते."

"हाव."

"तोंडात भात होता तुमच्या. अजून एक बार बोला ना."

त्यानं ऐकलं होतं. मलाही ठाऊक होतं की त्यानं ऐकलं होतं. माझ्या दोन्ही बाजूंना गिऱ्हाइकं होती, समोर हलवाई झारा घेऊन उभा होता, मागून स्कूटरवाला हॉर्न वाजवून राहिला होता. हॉर्नपेक्षा मोठ्यानं बोलल्याशिवाय फोनवर ऐकू गेलं नसतं. म्हणून मी मोठ्यानं बोललो, "चूक माझी होती प्रशिक. हात तुझा चांगला होता, मी बांधला. चूक माझी होती."

बाजूचे लोक वळून पाहू लागले. हलवाई म्हणाला, "क्या हुआ दादा? सब ठीक?"

"पोता पास हो गया," मी म्हटलं. त्यानं एक जिलबी द्रोणात जास्तीची टाकली.

फोनवर प्रशिक मग म्हणाला, "आबाजी, तिथं बाजारात कोणाले मराठी समजते?"

मी आजूबाजूला पाहिलं. कोणालाच समजली नव्हती.

घरी परत येऊन चार दिवस झाले. आपल्या चौकात साऱ्यांना मराठी येते, म्हणून हे लिहून काढलं आहे.